सुट्टीत उरकलेली निवडणूक

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावाला आपला धंदा वेगळा सांगावा लागत नाही, तो नावातच आहे. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४०,५०१ भरली आणि त्यात मोठा वाटा पेन स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा. कारभार सात जणांची कौन्सिल पाहते. सातही जण अख्ख्या गावाच्या मतांवर, चार वर्षांसाठी निवडून येतात. मतदान विषम वर्षी, नोव्हेंबरात. पण तिथे एका पक्षाचं पारडं इतकं जड असतं की बहुधा मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी, प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या आधीच्या मतदानातच, सगळं ठरून जातं. विद्यापीठाचा पदवीदान समारंभ मेच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत होतो. म्हणजे भाड्याच्या घरांसमोर सोफे, गाद्या आणि छोटे फ्रिज टाकून पोरं पांगली, की आठ-पंधरा दिवसांनी मतदान. तो ढीग कोणाच्या खर्चानं उचलायचा हे ठरवणारी माणसं, ढीग टाकणारे गेल्यावर निवडली जातात. आणि मग वर्षभर ऐकू येतं की विद्यार्थ्यांना गावाचं काही पडलेलं नाही.

विद्यापीठावर जगणारी अशी गावं अमेरिकेत जागोजागी आहेत. तिथे एखाद्या विद्यार्थ्यानं किंवा नुकतीच पदवी घेतलेल्या भाडेकरूनं कौन्सिलला उभं राहायचं म्हटलं, की चर्चा त्याच्या वयावर आणि अनुभवावर घसरते. वयामुळे पडलेले उमेदवार थोडे. वेळापत्रकानं पाडलेले पुष्कळ. म्हणून माझं म्हणणं असं, की कॉलेजगावांनी कौन्सिलची निवडणूक सम वर्षाच्या नोव्हेंबरात, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या किंवा काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) निवडणुकीबरोबर न्यावी. नेत नाहीत तोवर उमेदवारानं जाहीरनामा लिहिण्याआधी विद्यापीठाचं कॅलेंडर भिंतीला लावावं.

आधी, कौन्सिलमध्ये विद्यार्थ्याचं असतं काय? खोलीचं भाडं ती ठरवत नाही, पण खोलीत किती जणांनी राहायचं हे तीच ठरवते. भाड्याच्या घरांची नोंदणी आणि तपासणी, रस्त्यावर गाडी लावायचा परवाना, रात्रीच्या आवाजाचा दंड, फुटपाथवरचं बर्फ किती तासांत काढायचं, बस शनिवारी रात्री कितीपर्यंत धावेल, हे सगळं तिच्या पुढ्यात येतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिलमध्ये २००२ पासून बसला तिकीटच नाही; शहर, शेजारचं कारबरो आणि विद्यापीठ मिळून तो खर्च उचलतात. उलट टोकाचं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या बेल टेरचं. स्टोनी ब्रुक विद्यापीठाजवळच्या या चिमुकल्या वस्तीनं ठराव केला, की रक्ताचं वा लग्नाचं नातं नसलेले दोनापेक्षा जास्त लोक एका घरात राहू शकत नाहीत. सहा विद्यार्थी एकत्र राहत होते, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७४ मध्ये ७ विरुद्ध २ अशा बहुमतानं ठराव टिकला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम डग्लस, एरवी नागरी स्वातंत्र्याचे खंदे कैवारी. घराशेजारी पार्टी नको, हा विचार भल्याभल्यांना तत्त्वापेक्षा जवळचा वाटतो.

विद्यार्थी उमेदवाराला हमखास ऐकावा लागणारा आक्षेप म्हणजे, 'तुम्ही चार वर्षांचे पाहुणे.' कायद्यानं तो केव्हाच निकालात काढला आहे. टेक्सासनं लष्करी सेवेसाठी राज्यात आलेल्या सैनिकांना मतदार व्हायला बंदी केली होती. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की एखादा गट कसं मत देईल या धास्तीनं त्याला यादीबाहेर ठेवता येत नाही. १९७१ मध्ये मतदानाचं वय १८ झालं. १९७२ मध्ये टेनेसीची वर्षभराच्या वास्तव्याची अट रद्द झाली. १९७९ मध्ये टेक्सासच्याच वॉलर काउंटीचा निकाल आला. प्रेअरी व्ह्यू या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या विद्यापीठातल्या मुलांना तिथला नोंदणी अधिकारी वेगळी प्रश्नावली भरायला लावत असे: इथे मालमत्ता आहे का, शिक्षण संपल्यावर इथेच राहणार का. ती पद्धत न्यायालयानं मोडीत काढली. तीन वर्षांसाठी बदलून आलेल्या डॉक्टरला हे प्रश्न कोणी विचारत नव्हतं.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब आहेच. १९५० पासून जनगणना विद्यार्थ्याला आईवडिलांच्या घरी मोजत नाही, तो शिकायला राहतो तिथे मोजते. लोकसंख्येवर अवलंबून असलेला केंद्राचा आणि राज्याचा निधी गावाला या डोक्यांवर मिळतो. भाड्यातून घरपट्टीही जाते. पावती मालकाच्या नावानं निघते इतकंच. एक विद्यार्थी चार वर्षांत जातो हे खरं, पण त्याची खोली ऑगस्टात पुन्हा भरते. तेच गळकं छत, तीच पार्किंगची मारामार, नवा माणूस. आणि सगळेच काही जात नाहीत. स्वांते मायरिक कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना २००७ मध्ये विसाव्या वर्षी इथाका शहराच्या कौन्सिलवर निवडून आले, २०११ मध्ये चोविसाव्या वर्षी महापौरपदी निवडून आले आणि २०२२ पर्यंत त्या खुर्चीवर होते.

आता वेळापत्रक. निवडणुकीची तारीख म्हणजे मतदानाचा दिवस, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तारखा किमान तीन असतात: अर्ज भरायची मुदत, प्रायमरी आणि अंतिम मतदान. यातली एक जरी सुट्टीत पडली तरी काम तमाम होतं.

नॉर्थ कॅरोलिनात शहरांच्या निवडणुका नोव्हेंबरात, भर सत्रात. छान! पण अर्ज भरायची खिडकी उघडते जुलैच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी बाराला आणि मिटते तिसऱ्या शुक्रवारी दुपारी बाराला. त्या दोन आठवड्यांत विद्यार्थी इंटर्नशिपला दुसऱ्या राज्यात असतो. वर त्या राज्याच्या घटनेनं लोकनियुक्त पदासाठी २१ वर्षं पूर्ण असण्याची अट घातली आहे, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं मतदार असतात, उमेदवार होऊ शकत नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये मतदान एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, म्हणजे विद्यार्थी गावात. पण उमेदवारीसाठीच्या सह्या १ डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत गोळा करायच्या. पहिले पंधरा दिवस परीक्षेच्या तयारीचे आणि परीक्षेचे, उरलेले नाताळच्या सुट्टीचे, आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी. ज्याला हे माहीत असतं तो सह्यांचे कोरे कागद ३० नोव्हेंबरला तयार ठेवतो आणि पहिल्या चार दिवसांत, परीक्षा सुरू व्हायच्या आत, काम संपवतो. माहीत नसलेल्याला जानेवारीत रिकाम्या होस्टेलच्या दारावर थाप मारावी लागते.

मिशिगनमधलं ॲन आर्बर याहून बोलकं आहे. गाव आता छोटं राहिलेलं नाही, लाखाच्या वर वस्ती आहे, पण गोष्ट कळायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. १९७० च्या दशकात तिथे कौन्सिलची निवडणूक एप्रिलमध्ये, सत्र चालू असताना होई. १८ वर्षांच्या मुलांना मत मिळाल्यावरच्या पहिल्याच एप्रिलमध्ये, १९७२ साली, ह्यूमन राइट्स पार्टी नावाच्या नवख्या पक्षाचे जेरी डीग्रीक आणि नॅन्सी वेक्सलर हे दोघे तरुण निवडून आले. १९७४ च्या एप्रिलमध्ये त्याच पक्षाची विद्यार्थिनी कॅथी कोझाचेंको निवडून आली. आपण समलैंगिक आहोत हे उघड सांगून अमेरिकेत निवडणूक जिंकलेली ती पहिली उमेदवार मानली जाते. आज त्याच गावात कौन्सिलची लढत पक्षाच्या चिन्हावर होते. गाव डेमोक्रॅट, म्हणून खरा निकाल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या प्रायमरीत लागतो, आणि विद्यापीठ उघडतं ऑगस्टच्या अखेरीस. २०१६ मध्ये नगरसेवकपदाची मुदतही दोन वर्षांवरून चारवर गेली. कोणी कोणाचा हक्क काढून घेतला नाही. तारीख सरकली, बस्स.

अर्थात काही ठिकाणी तारखेच्या जोडीला कागदपत्रांचीही मेख असते. मिशिगनमध्येच १९९९ च्या कायद्यानं मतदार यादीतला पत्ता आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता एक असणं सक्तीचं केलं. न्यू हॅम्पशरमध्ये २०१८ च्या कायद्यानं मत देणारा तिथला रहिवासी ठरतो, आणि गाडी चालवत असेल तर त्याला ६० दिवसांत तिथलं लायसन्स काढावं लागतं. तिथल्या डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्याला यात मतापेक्षा खर्च आधी दिसतो.

तरीही उभं राहायचं असेल तर काय करावं? पहिली भेट सिटी क्लार्कची, म्हणजे निवडणुकीचे कागद सांभाळणाऱ्या शहर अधिकाऱ्याची. त्या कार्यालयातून त्या वर्षीचं वेळापत्रक, उमेदवारी अर्ज आणि खर्चाच्या हिशेबाचे नमुने घ्यायचे. राज्यागणिक अटी बदलतात. टेक्सासमध्ये अर्जाच्या अंतिम मुदतीआधी राज्यात सलग १२ महिने आणि त्या शहरात ६ महिने राहिलेलं असावं लागतं, आणि खजिनदाराची नेमणूक कागदावर होईपर्यंत एक डॉलर घेताही येत नाही, खर्चताही येत नाही. मित्रानं कौतुकानं छापून आणलेली शंभर पत्रकं हीसुद्धा देणगीच धरली जाते, हे नवख्याला पहिला अहवाल भरताना कळतं.

सह्या जमवताना विद्यार्थी उमेदवार सगळ्यात जास्त आपटतो. सही करणारा त्या वॉर्डात राहतो, पण त्याचं नाव आईवडिलांच्या गावच्या यादीत असतं: सही बाद. नाव इथेच आहे, पण मागच्या वर्षीच्या होस्टेलच्या पत्त्यावर, आणि कागदावर त्यानं नवा पत्ता लिहिला: बहुधा बाद. रूममेटसाठी सही ठोकली: बाद, शिवाय सह्या घेणाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रावर संशय. न्यूयॉर्कमध्ये पक्षाच्या प्रायमरीसाठी त्या विभागातल्या पक्षनोंदणी असलेल्या मतदारांच्या ५ टक्के सह्या लागतात, आणि एकाच पदासाठी दोन उमेदवारांना सही देणाऱ्याची नंतरची सही धरत नाहीत. प्रतिस्पर्धी या चुका शोधायलाच बसलेला असतो. गावातल्या जुन्या घरमालकांच्या दारी गरजेच्या सव्वापट सह्या पुरतात. विद्यार्थ्यांमध्ये दुप्पट घ्याव्यात. त्याहून बरं म्हणजे एका हातात मतदार नोंदणीचा फॉर्म, दुसऱ्या हातात सह्यांचा कागद, आणि आधी फॉर्म. १९९८ पासून केंद्राचा कायदा बहुतेक राज्यांतल्या कॉलेजांना विद्यार्थ्यांपर्यंत नोंदणीचे फॉर्म पोचवायला सांगतो, त्यामुळे ते मागायला विद्यापीठाच्या दारी जायला संकोच नको. प्रचारासाठी मात्र विद्यापीठाचा ईमेल किंवा छपाईयंत्र वापरू नये. धर्मादाय करसवलत घेणाऱ्या संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, आणि सरकारी विद्यापीठात सरकारी साधनं वापरल्याचा ठपका येतो.

मग आकडेमोड. समजा गावात २०,००० नोंदलेले मतदार आहेत आणि विषम वर्षी १८ टक्के येतात: ३,६००. चार जागा आहेत, प्रत्येकाला चार मतं, पण सरासरी तीनच वापरली जातात: १०,८०० मतं. आठ उमेदवारांत विभागली तर चौथ्या क्रमांकाला १,४०० च्या आसपास पुरतात. दारोदार फिरताना तासाला १५ दारं होतात, त्यातली पाच उघडतात. ५०० माणसांशी समोरासमोर बोलायचं तर १०० तास. आठ आठवड्यांत आठवड्याला साडेबारा. एका माणसाला अभ्यास सांभाळून झेपण्यासारखं, पण जेमतेम.

अनेक जागांच्या अशा निवडणुकीत आणखी एक हत्यार असतं, 'बुलेट व्होटिंग'. चार मतं द्यायची मुभा असली तरी समर्थकानं एकच द्यायचं. उरलेली तीन मतं दिली तर ती तुमच्याच प्रतिस्पर्ध्यांच्या खात्यात जातात. हे सांगायला उमेदवार लाजतात, कारण बरोबरीच्या उमेदवारांशी गोडीगुलाबी असते. लाजू नये.

खरी गोम मात्र यादीत आहे. उमेदवार नोंदणी कार्यालयातून मतदार यादी घेतो. तिच्यात कोणी कुठल्या निवडणुकीत मतदान केलं हे असतं, कोणाला केलं हे नसतं. वेळ थोडा, म्हणून शहाणा उमेदवार मागच्या तीन स्थानिक निवडणुकांत मतदान केलेल्यांच्याच दारी जातो. एकोणीस वर्षांच्या मुलीनं मागच्या तीन निवडणुकांत मत दिलेलं असणं अशक्य. ती गाळली जाते. तिच्याकडे कोणी जात नाही, म्हणून ती मत देत नाही, म्हणून पुढच्या यादीतूनही गळते. यात कोणाचाही कट नाही. वेळ वाचवायची साधी युक्ती आहे आणि गावातले सगळे उमेदवार, विद्यार्थी उमेदवारसुद्धा, तीच वापरतात.

वॉर्ड पद्धतीत याचं विचित्र चित्र उभं राहतं. स्थानिक मतदारसंघही सारख्या लोकसंख्येचे हवेत असं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये सांगितलं, म्हणून होस्टेलचा वॉर्ड आणि बंगल्यांचा वॉर्ड डोकी मोजून सारखे आखले जातात. मतं मोजताना बंगल्यांच्या वॉर्डात हजारभर, होस्टेलच्या वॉर्डात शे-दोनशे. उमेदवारासाठी ही सोयही आहे, कारण दोन इमारती जिंकल्या की जागा हातात. पण वॉर्डातून निवडून आलेल्यानं वॉर्डातच राहावं लागतं, आणि कॉलेजगावात भाडेकरार ऑगस्ट ते जुलै असतो, पुढच्या वर्षीचा करार बऱ्याच गावांत आधीच्या हिवाळ्यातच होतो. नोव्हेंबरात निवडून आलेला नगरसेवक रस्ता ओलांडून स्वस्त खोलीत गेला आणि वॉर्डाची हद्द त्याच रस्त्यावरून जात असेल, तर पद गेलं. उभं राहण्याआधी दोन वर्षांच्या छपराची सोय लावणं हे प्रचाराइतकंच काम आहे.

भारतातून शिकायला गेलेल्यांसाठी इथेच एक गोष्ट नीट सांगायला हवी. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यानं मतदार नोंदणीच्या फॉर्मवर सही करू नये. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर सवयीनं 'नोंदणी करायची का?' असं विचारतात, तिथेही नाहीच म्हणायचं. नागरिक असल्याचा खोटा दावा देशाबाहेर काढण्याचं कारण ठरतो, आणि 'चुकून झालं' ही सबब फारशी चालत नाही. देणगीही द्यायची नाही. परदेशी नागरिकांच्या देणग्यांवरची बंदी गावच्या कौन्सिललाही लागू आहे, पाच डॉलरलाही. ग्रीन कार्ड असेल तर देता येते. विनामोबदला पत्रकं वाटणं, फोन करणं मात्र चालतं.

निवडून आल्यावर भ्रमनिरास व्हायला वेळ लागत नाही, कारण बहुतेक छोट्या गावांत कौन्सिल धोरण आणि अंदाजपत्रक ठरवते, रोजचा कारभार नेमलेला मॅनेजर चालवतो. नगरसेवकानं रस्ते विभागाच्या माणसाला फोन करून 'आमच्या गल्लीतलं बर्फ आधी काढा' म्हणणं बऱ्याच शहरांच्या सनदेत, म्हणजे शहराच्या मूळ नियमावलीत, निषिद्ध आहे. सात जणांच्या कौन्सिलमध्ये चार म्हणजे कोरम, सभेला लागणारी किमान हजेरी. चौघांनी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये उद्याच्या ठरावावर चर्चा केली तर ती बेकायदा गुप्त सभा ठरू शकते. ग्रुपवर वाढलेल्या पिढीला ही अट सगळ्यात जाचक वाटते.

आणि नियम वाचलेच नाहीत तर अनुभवी लोकही तोंडावर पडतात. मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या कौन्सिलनं सप्टेंबर २०१७ मध्ये नागरिक नसलेल्या रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मताधिकार देणारा ठराव ४ विरुद्ध ३ मतांनी, एक तटस्थ, मंजूर केल्याचं जाहीर केलं. देशभर बातमी गेली. मग लक्षात आलं, की सनददुरुस्तीला सहा मतं लागतात, आणि तो नियम याच कौन्सिलनं काही महिन्यांपूर्वी केला होता. ठराव पडला.

राज्य सरकार कौन्सिलच्या डोक्यावर बसलेलं असतं हेही प्रचारात कोणी सांगत नाही. घरात किती जण राहावेत यावर आयोवातल्या शहरांनी घातलेल्या नातेसंबंधांच्या अटी तिथल्या विधिमंडळानं २०१७ मध्ये मोडून काढल्या. कोलोरॅडोनं २०२४ मध्ये तेच केलं, आणि बोल्डर, फोर्ट कॉलिन्ससारख्या गावांत वर्षानुवर्षं चाललेलं भांडण एका सहीत मिटलं. म्हणून 'भाडं कमी करू' असं आश्वासन देणाऱ्या उमेदवारावर विश्वास ठेवू नये. 'तपासणी दर तीन वर्षांऐवजी दर दोन वर्षांनी करू, आणि त्यासाठी एक निरीक्षक वाढवू' असं म्हणणाऱ्यानं निदान अंदाजपत्रक उघडून पाहिलेलं असतं.

काही गावं यावर मधला मार्ग काढतात: कौन्सिलमध्ये विद्यार्थ्याला खुर्ची, पण मत नाही. आयोवातल्या एम्समध्ये विद्यार्थी संघटनेनं सुचवलेला प्रतिनिधी कौन्सिलच्या टेबलाशी बसतो. त्याचा उपयोग नाही असं नाही. विषयपत्रिका आधी हातात येते, अधिकाऱ्यांशी ओळखी होतात, आणि उद्याच्या उमेदवाराला यापेक्षा चांगली शिकवणी मिळायची नाही. पण ही खुर्ची दिली म्हणजे प्रश्न सुटला असं गाव मानू लागलं, की ती घातक. ज्याचं मत मोजलं जात नाही त्याच्याशी कोणी तडजोड करत नाही.

सम वर्षाच्या नोव्हेंबराला विरोध करणाऱ्यांचं ऐकून घ्यायला हवं, कारण त्यांचे सगळेच मुद्दे लटके नाहीत. मतपत्रिका लांबलचक होते. राष्ट्राध्यक्ष, सिनेट, काँग्रेस, न्यायाधीश असं करत कौन्सिलपर्यंत पोचेतो काही मतदार कंटाळून उरलेले रकाने कोरे सोडतात. गावातल्या नाल्यावर बोलायला वर्तमानपत्रात जागा उरत नाही. स्वयंसेवक मोठ्या प्रचारांकडे ओढले जातात. विषम वर्षी ३,६०० मतदारांपर्यंत पोचणाऱ्या उमेदवाराला सम वर्षी दहा-बारा हजारांपर्यंत पोचावं लागतं, आणि टपाल फुकट नसतं. गरीब उमेदवाराला हे जड जातं, आणि विद्यार्थी गरीबच असतो.

माझ्या मताला सर्वांत अडचणीचा पुरावा मात्र आयोवा सिटीचा आहे. रात्री दहानंतर २१ वर्षांखालच्यांना बारमध्ये प्रवेश नको, हा प्रस्ताव २००७ च्या नोव्हेंबरात, विषम वर्षाच्या शहर निवडणुकीत आला. विद्यार्थी झुंडीनं उतरले आणि तो पडला. २०१० मध्ये कौन्सिलनं तोच नियम पुन्हा केला. तो रद्द करायचा प्रश्न त्या नोव्हेंबरात, सम वर्षी, काँग्रेसच्या निवडणुकीबरोबर मतदारांपुढे आला आणि थोड्या फरकानं नियम टिकला. म्हणजे विषम वर्षी विद्यार्थी जिंकले, सम वर्षी हरले! कारण उघड आहे. सम वर्षी विद्यार्थी येतात तसे बाकीचेही येतात: पाळीत काम करणाऱ्या नर्स, शाळेचे शिपाई, लहान मुलांचे आईबाप. कमी मतदानात ईर्षेला पेटलेला कुठलाही गट गाव खिशात घालू शकतो. एरवी तो गट घरमालकांचा असतो, २००७ मध्ये बारवाल्या पोरांचा होता. सम वर्षाची मागणी विद्यार्थ्यांना जिंकवण्यासाठी करायची असेल तर ती करूच नये. २०१० चा निकाल विद्यार्थ्यांना बोचला असेल, पण तो जास्त मोठ्या गावानं दिलेला होता.

बदल घडतात हेही दिसलं आहे. कॅलिफोर्नियानं २०१५ मध्ये कायदा केला: ज्या शहराच्या वेगळ्या निवडणुकीत मतदान राज्यव्यापी निवडणुकांच्या सरासरीपेक्षा किमान २५ टक्क्यांनी घसरतं, त्यानं ती निवडणूक राज्याच्या तारखेला जोडावी. कॅन्ससनं त्याच वर्षी कायदा करून शहरांच्या निवडणुका एप्रिलमधून विषम वर्षाच्या नोव्हेंबरात नेल्या. अर्धंच पाऊल, पण तारीख दगडावर कोरलेली नसते हे त्यातून कळतं. ॲन आर्बरमध्ये निवडणुका पक्षविरहित करायचा प्रस्ताव २०२४ च्या नोव्हेंबरात मतदारांपुढे आला, तो फेटाळला गेला. ऑगस्टची प्रायमरी जागेवर राहिली. जिथे शहराची सनद तारीख ठरवते तिथे सह्यांची मोहीम काढून प्रश्न मतपत्रिकेवर आणता येतो, आणि तो आणावाही सम वर्षीच. साध्या ठरावावर भिस्त ठेवू नये. ॲन आर्बरच्या कौन्सिलनं १९७२ मध्ये गांजा बाळगण्याचा दंड पाच डॉलर केला, वर्षभरात बहुमत बदललं आणि तो रद्द झाला. १९७४ मध्ये मतदारांनी तो सनदेत घातला, तेव्हा कुठे टिकला.

स्टेट कॉलेजला ती सोय नाही, कारण पेनसिल्व्हेनियात तारीख राज्याच्या कायद्यानं ठरते. तिथल्या उमेदवाराचं काम फेब्रुवारीतच सुरू व्हायला हवं. प्रायमरीत फक्त त्या पक्षात नोंद असलेल्यालाच मत देता येतं, म्हणून 'कुठल्याच पक्षाचा नाही' असं लिहिलेल्या विद्यार्थ्याची नोंद मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत बदलून घ्यायची. २०१९ च्या कायद्यानं तिथे कारण न देता टपालानं मत देता येतं. अर्ज मतदानाच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत पोचला पाहिजे, आणि भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत. अर्जावर मतपत्रिका कुठे पाठवायची हा वेगळा रकाना असतो. एप्रिलमध्ये अर्ज भरताना पोरं सवयीनं तिथे होस्टेलचा पत्ता लिहितात, आणि मतपत्रिका कुलूप लागलेल्या इमारतीच्या टपालपेटीत पडून राहते. तिथे उन्हाळ्यातला पत्ता लिहायचा, पिट्सबर्गचा, फिलाडेल्फियाचा, जिथे आई दार उघडेल तिथला.